कुठल्या सालचा

त्याने चहाची पुडी उघडली, नाकाजवळ नेली, एक पान चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात इकडून तिकडून पाहिलं. मग कागदाच्या होत्या त्याच घड्यांवरून पुडी परत मिटली आणि टेबलावरून हलकेच माझ्याकडे सरकवली. बोलला काहीच नाही. मीच न राहवून विचारलं, "दहा वर्षांचा आहे ना?" बरोबरच्या मैत्रिणीने ते चिनीत सांगितलं. किटलीत पाणी नुकतं वाजायला लागलं होतं. ते ऐकत असल्यासारखा तो थोडा वेळ बसून राहिला आणि मग चारच शब्द बोलला. मैत्रीण अडखळली. मला म्हणाली, "याला साठवलेला म्हणू की थांबलेला, कळत नाही. तो म्हणतोय, हा थांबलेला नाही."

२०१९चा एप्रिल संपत आला होता. फुजियान प्रांताच्या ईशान्य टोकाला, समुद्र आणि डोंगर यांच्या बेचक्यात फूदिंग आहे, आणि फूदिंगमधल्या दियानतोउ या चहाच्या गावाबाहेर त्या माणसाचं घर. अंगणभर बांबूच्या चाळण्या मांडलेल्या, त्यांवर पानं पसरलेली, आणि घरात शिरल्याबरोबर ओल्या गवताचा, काकडीच्या सालीचा, शेंगा सोलल्यावर हाताला येतो तसला हिरवा वास. मी मुद्दाम हाँगकाँगहून इतक्या लांब आले होते ती जिथून हा चहा येतो ती जागा बघायला. सोबत माझ्याकडच्या, दाबून केलेल्या चहाच्या चकतीचा एक तुकडा आणला होता, कौतुकाने. माहेरची वस्तू माहेरी दाखवायला न्यावी तसा. तो तुकडा घडी घातलेल्या कागदात परत माझ्यासमोर पडला होता आणि मला एकदम रडू येईल असं वाटलं. चहासाठी कोणी रडतं का? पण ते चहासाठी नव्हतंच.

ती चकती मी २०१८च्या दिवाळीच्या सुमारास हाँगकाँगमध्ये घेतली होती. साडेतीनशे ग्रॅमची, पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, कागदावर २००८चा शिक्का. लाओ बाय छा, म्हणजे जुना पांढरा चहा, त्यातला शौ मेई. दुकानदाराने दिलेला पहिला घोट मला अजून आठवतो. काळपट तांबडा रंग, काकवीसारखा गोडवा, आणि घशाखाली उतरल्यावर मागे रेंगाळणारा एक वास, ज्याला मी तेव्हा नाव देऊ शकले नाही. आठवड्याभरात पुण्याहून आईचा फोन आला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला होता, आणि बोलणं. मी जाऊन तीन आठवडे राहिले, परत आले, आणि आमचा एक नेम सुरू झाला. माझ्याकडे रात्रीचे आठ होतात तेव्हा पुण्यात साडेपाच वाजलेले असतात, बाबांच्या चहाची वेळ. आई त्यांच्यासमोर कपबशी ठेवायची, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची, आणि इकडे मी गायवानमध्ये उकळतं पाणी ओतायचे. गायवान म्हणजे झाकणाचा, बशीत बसणारा पातळ चिनी मातीचा पेला. दोघं आपापला चहा प्यायचो. बोलायला फारसं काही नसायचं, कारण बाबांना एकेक शब्द नव्याने शोधावा लागत होता. 'कप' म्हणायचं असायचं आणि तोंडून 'कडी' यायचं. चुकलं हे त्यांना कळायचं, आणि ते कळल्याचं आम्हाला दिसायचं, हे सगळ्यात अवघड होतं.

अशाच एका संध्याकाळी मी ती चकती कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हटलं, "बाबा, हा चहा दहा वर्षांचा आहे." ते पाहत राहिले. ओठांची जुळवाजुळव चालू होती. आई मध्ये बोलणार होती, पण थांबली. मग बाबा म्हणाले, "दहा... वर्षं... थांबला?" झटक्यानंतरचं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. आई पदराने डोळे पुसत होती आणि मी हाँगकाँगच्या चोविसाव्या मजल्यावर हातात कागदाची पुडी घेऊन बसले होते.

त्यामुळे तो माणूस जेव्हा म्हणाला की हा थांबलेला नाही, तेव्हा मला लागायचं ते लागलं.

हाँगकाँगमध्ये शौ मेईचं काही अप्रूप नाही, हेही सांगायला हवं. तिथल्या डिमसमच्या हॉटेलांत बसलात की मेन्यू यायच्या आधी वेटर विचारतो, चहा कुठला? पू-अर, चमेली, की साउ मेई? कँटोनी लोक शौ मेईला साउ मेई म्हणतात. रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून बसलेले आजोबा बहुधा तोच मागवतात. मोठ्या किटलीत मूठभर पानं, वरून उकळतं पाणी, झाकण तिरकं ठेवलं की वेटर येऊन परत पाणी भरून जातो. कितीतरी वर्षं पांढऱ्या चहाचं मुख्य गिऱ्हाईक हेच होतं. फुजियानमध्ये पिकायचा, हाँगकाँगला जायचा, खुद्द चीनमध्ये तो फारसा कोणी पीत नसे. १९६८ साली तर हाँगकाँगच्या जिभेला थोडा कडक लागावा म्हणून फूदिंगमध्ये पानं हलकीशी वळून एक वेगळा प्रकारच बनवायला लागले. शौ मेई शब्दाचा अर्थ दीर्घायुष्याची भुवई. म्हाताऱ्या माणसाच्या भुवईचे केस पांढरे होऊन लांब वाढतात, तशी दिसणारी पानं. माझ्या आजोबांच्या भुवया तशाच होत्या. वाचताना चष्म्याच्या काडीत अडकायच्या.

पांढऱ्या चहात उतरंड आहे. सगळ्यात वर यिन झेन, चांदीची सुई: नुसता कळा, पांढऱ्या लवीने मढलेला, मार्चच्या उत्तरार्धात खुडायला लागतात. मग बाय मूदान, एक कळा आणि दोन पानं. हा प्रकार १९२२च्या सुमारास जियानयांगकडच्या श्वेइजीत सुरू झाला. आणि मग गोंग मेई, शौ मेई, मोठी पानं, जाड देठं, एप्रिल-मेमधली नाहीतर शरदातली. शौ मेई सगळ्यात स्वस्त. पण ठेवायला मात्र तोच घ्या, असं फूदिंगमधले लोक सांगतात. कोवळ्या कळ्यात सुगंध असतो, नजाकत असते. मोठ्या पानात आणि देठात गोडव्याची शिदोरी असते, ती वर्षांमागून वर्षं सुटत राहते. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. पहिल्या दिवशी जे देखणं नसतं तेच पुढे टिकतं, या गोष्टीवर विश्वास ठेवायची मला तेव्हा गरज होती.

त्या अंगणात मी दोन दिवस बसून होते. पांढरा चहा करायला काय लागतं, तर जवळजवळ काहीच नाही. हिरव्या चहासारखी पानं कढईत परतत नाहीत, काळ्या चहासारखी वळत नाहीत. खुडायची, चाळणीवर एकेक पान सुटं राहील अशी पसरायची, आणि सुकू द्यायची. दीड ते तीन दिवस. मग मंद आचेवर उरलेली ओल काढायची. झालं. इतकं साधं असल्यामुळेच ते भयंकर अवघड आहे, कारण चूक झाकायला पुढे एकही पायरी नाही. घरातली म्हातारी दर तासाला बाहेर येऊन वाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची. उत्तरेचा कोरडा वारा असला की चांगलं. दक्षिणेचा, समुद्राची ओल घेऊन येणारा वारा सुटला की चाळण्या उचलून आत पळवायच्या, नाहीतर पानं काळी पडतात. कोकणात मिरच्या-कोकमं वाळत घातलेली असताना ढगाकडे बघून जी धावपळ होते, तिची मला ओळख होती, त्यामुळे मीही दोन चाळण्या उचलू लागले. म्हातारीने माझा हात धरून दाखवलं: पानाला बोट लावायचं नाही, चाळणी कडेने धरायची. पान दुखावलं की तिथे लाल होतं. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा आत वळल्या, टोकं वर उचलली गेली, होडीच्या नाळेसारखी. तेव्हा दोन चाळण्यांतली पानं एकीत आली. साडेचार-पाच किलो ओल्या पानांचा शेवटी एक किलो चहा होतो.

पण आता परत त्या पुडीकडे.

माझा चेहरा पाहून त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्याने दोन पांढरे पेले काढले. एकात माझ्याकडची तीन ग्रॅम पानं, दुसऱ्यात त्याच्या घरची. दोन्हीत दीडशे मिली उकळतं पाणी आणि पाच मिनिटं. चहा पारखणारे असंच करतात. प्यायला म्हणून कोणी एवढा वेळ ठेवत नाही, पण असा ताणल्यावर चहाला काही लपवता येत नाही. त्याचा रंग केशरी अंबरासारखा, तळ दिसेल इतका नितळ. माझा काळसर, किंचित गढूळ. त्याच्या पेल्यावर वाकले आणि जो वास आला त्याला या वेळी नाव सापडलं: बोरकूट. फूदिंगचे लोक मुरलेल्या पांढऱ्या चहाच्या वासाला झाओ शिआंग म्हणतात, लाल चिनी बोरांचा वास. आपली बोरं त्याच कुळातली. शाळेबाहेर कागदाच्या तुकड्यावर मिळणारी ती तपकिरी पूड, थोडी आंबूस, थोडी धुळीची, जिभेवर गोड होत जाणारी. त्यामागे काष्ठौषधींच्या दुकानात शिरल्यावर येतो तसला कोरड्या मुळ्यांचा वास, आणि अगदी तळाशी जुन्या पेटीतल्या कागदाचा. माझ्या पेल्यातही गोडवा होता. पण त्या गोडव्यामागे काही नव्हतं. ओल्या पेंढ्याचा कुबट वास होता, आणि जिभेच्या कडेला एक आंबट रेघ. मग त्याने भिजलेली पानं बशीत उपडी केली. त्याची पानं उलगडली होती: काही शेवाळी, काही तांबूस, काही तपकिरी, देठासकट, बोटात घेतली तर तटतटून परत सरळ होणारी. माझी सगळी एकसारखी काळी. चिमटीत दाबली तर चिखल झाली.

मैत्रिणीकडून मग सगळं कळलं. ताज्या किंवा वर्षभराच्या स्वस्त पानांवर पाणी मारायचं, ढीग घालायचा, ऊब धरू द्यायची. काही दिवसांत पानं तपकिरी होतात. नाहीतर चढ्या आचेवर भाजून रंग आणायचा. वर जुन्या सालाचा शिक्का. एक साधा हिशोबही होता, जो मी कधी केला नव्हता. पांढरा चहा दाबून चकत्या करायची चाल मुळात विसाव्या शतकातली नाहीच, ती पसरली २००६-०७ नंतर. आणि २००८ साली चहा होत होता तोच थोडा, तोही बहुतेक परदेशी जायचा, ठेवायचा कोणी आणि कशासाठी? आज दुकानांत दहा-पंधरा वर्षांचा म्हणून जेवढा जुना चहा दिसतो, तेवढा त्या वेळी नवा तरी होता का? 'एक वर्ष चहा, तीन वर्षं औषध, सात वर्षं ठेवा' अशी तिकडे म्हण आहे, सगळ्या दुकानांत टांगलेली. मला त्या म्हणीबद्दल राग आहे. वर्षांना तिने आकडा दिला, आणि आकडा कागदावर छापता येतो.

माझ्या मनात मात्र दुसराच गोंधळ होता. मला तो चहा आवडला होता. पाच-सहा महिने रोज संध्याकाळी मी तो प्यायले होते आणि एकदाही मला त्यात खोट दिसली नव्हती. मग मी काय पीत होते? चव, की कागदावरचा आकडा? आणि बाबांनी ज्याच्यासाठी इतके कष्ट घेऊन तीन शब्द जुळवले, ते तर त्यात नव्हतंच.

मी बाबांना सांगितलं नाही.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे आणि तो मला त्या परक्या अंगणात आठवला: मुरणं. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, पाणी जमिनीत मुरतं, माणूस धंद्यात मुरतो. हे क्रियापद आतून होणाऱ्या गोष्टीचं आहे. बाहेरून कोणी घाई करून ते करू शकत नाही. 'मुरवणं' म्हटलं तरी आपण फक्त जागा आणि वेळ देतो. माझ्या आजीच्या माळ्यावर चिनी मातीच्या बरण्यांची रांग होती, प्रत्येकीच्या तोंडावर दादरा बांधलेला. त्यातल्या दोन-तीन बरण्यांत लिंबाचं उपासाचं लोणचं. मीठ, साखर, जिऱ्याची पूड, आणि पुढची सगळी कामं ऊन करणार. पहिल्या वर्षी ते पिवळं असायचं, मग मधासारखं, मग काळंभोर, डांबरासारखं चिकट. तापातून उठल्यावर तोंडाला चव नसली की आजी त्याचा बोटभर तुकडा जिभेवर ठेवायची. आंबट, खारट, गोड यातलं काहीच वेगळं लागायचं नाही, सगळं एकमेकांत विरघळलेलं. बरण्यांवर तारखा नव्हत्या. आजीला विचारलं, हे कुठल्या सालचं, की ती म्हणायची, "हे तुझ्या धाकट्या आत्याच्या लग्नाच्या सालचं. ते पलीकडचं भूकंपाच्या सालचं, आता तळाशी थोडं राहिलंय." म्हणजे १९६७चं. कोयनेच्या भूकंपात आमच्या त्या घराची मागची भिंत चिरली होती. आजीने ती बरणी त्या रात्री हाताने धरून ठेवली होती म्हणे. पुढे घरात पाक शिजवून चार दिवसांत होणारं लिंबाचं लोणचं आलं आणि मला ते आवडायचंही. आजी त्याला वाईट म्हणायची नाही. ती त्याला लोणचं म्हणायची, पण मुरलेलं म्हणायची नाही.

आणि गंमत नव्हे, पण मला अंगावर काटा आणणारी गोष्ट ही की त्या फूदिंगच्या माणसाला मी जेव्हा विचारलं, तुमचा हा कुठल्या सालचा, तेव्हा त्यानेही सनाचा आकडा आधी सांगितला नाही. आतल्या खोलीतलं खोकं दाखवलं. त्यावर जाड काळ्या पेनाने काहीतरी लिहिलं होतं. मैत्रीण वाचून म्हणाली, "मुलगी शाळेत गेली ते वर्ष." मग त्याने बोटं मोजून सांगितलं, २०१२.

पानात नक्की काय होतं हेही मी नंतर वाचलं. हिरव्या चहात परतण्याच्या आचेने पानातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मरतात, म्हणून तो आहे तसा थिजतो. पांढऱ्या चहात ती आच नसल्यामुळे पान पुरतं मेलेलं नसतं. कोरड्या, बंद जागेत अतिशय संथपणे बदल चालू राहतात. तुरट कॅटेचिनं कमी होत जातात, ताजेपणाची चव देणारी अमिनो आम्लंही कमी होतात. त्यातलं थिअनिन कॅटेचिनांशी जोडलं जाऊन काही नवी संयुगं बनतात, जी ताज्या चहात जवळजवळ नसतात आणि साठवणीच्या वर्षांबरोबर वाढत जातात. चिनी संशोधकांनी त्यांच्या प्रमाणावरून चहाचं वय ओळखायची वाट दाखवली आहे. म्हणजे पान आपली नोंद आपल्यातच ठेवतं. प्रयोगशाळा नसलेल्या माझ्यासारखीला मात्र एवढंच करता येतं: आपण स्वतः साक्षीला राहायचं.

म्हणून मी निघताना त्या दोन दिवसांत माझ्या डोळ्यांदेखत चाळणीवर सुकलेल्या शौ मेईतला एक किलो मागितला. चकती नाही, सुटा. आधी चांदीच्या वर्खासारखी पिशवी, तीवर प्लास्टिकची, मग खोकं, असं तीन पदरी बांधून त्याने दिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी मराठीत लिहिलं: एप्रिल २०१९, बाबा 'पाऊस' म्हणाले. त्याच सकाळी फोनवर त्यांनी खिडकीबाहेर बघून हा शब्द आपणहून म्हटला होता. पुण्यात पाऊस नव्हता, वळवाचे ढग होते. पण शब्द बरोबर जागेवर पडला होता.

हाँगकाँग चहा ठेवायला काही फार चांगली जागा नाही. मार्चमध्ये भिंतींना घाम फुटतो, चामड्याच्या बुटांवर बुरशी येते. चहाला चार गोष्टी चालत नाहीत: ओल, ऊन, ऊब आणि दुसऱ्याचा वास. उदबत्तीच्या कपाटात ठेवलात तर चहा उदबत्ती होतो, हिंगाजवळ ठेवलात तर हिंग. पू-अरला थोडी दमट हवा लागते म्हणतात, पांढऱ्या चहाला ती अजिबात नको. मी ते खोकं बेडरूमच्या कपाटावर, छताला हात लागेल इतक्या उंच ठेवलं आणि वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, कोरडा दिवस बघून उघडायचं ठरवलं. पहिल्या वर्षी, २०२०मध्ये, उघडलं तेव्हा पुण्याला जाणं बंद झालं होतं. त्या वर्षी चहा अजून हिरवाच होता. रंग फिकट जर्दाळूचा, वास वाळल्या गवताचा, नंतर किंचित बेदाण्यासारखा. २०२१. तोच फोन, तीच आठ वाजताची वेळ, बाबांची वाक्यं चार-पाच शब्दांची झालेली. हिरवा वास गेला होता पण त्याच्या जागी अजून काही आलं नव्हतं. चहा कुठेतरी मधेच होता, गावी जाताना घाट लागतो तसा. २०२२मध्ये पहिल्यांदा मधाचा वास आला. मी फोनवर ओरडले होते. बाबा म्हणाले, "काय झालं ग?" मी म्हटलं, "चहा गोड झाला." त्या वर्षी त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं होतं.

नव्या पांढऱ्या चहाला पाणी थोडं निवलेलं द्यावं, मुरलेल्याला खळखळतं. शंभर मिलीच्या गायवानमध्ये पाच ग्रॅम, पहिलं पाणी लगेच ओतून द्यायचं, मग दहा-पंधरा सेकंद, मग हळूहळू वाढवत न्यायचं. आठ-दहा पाणी झाली की थकलेली पानं टाकायची नाहीत, ती भांड्यात घालून मंद आचेवर उकळायची, आणि तेव्हा जो चहा निघतो तो मला आधीच्या दहा पाण्यांपेक्षा आवडतो. देठांमधली सगळी गोडी शेवटी सुटते. थंडीत तर सरळ लिटरभर पाण्यात थोडी पानं टाकून उकळत ठेवावीत. थर्मासमध्ये तीन ग्रॅम पानं आणि उकळतं पाणी घालून रात्रभराच्या प्रवासाला निघालात, तर पहाटे कुठल्याशा स्टेशनवर झाकणात ओतल्यावर जे मिळतं त्याला साखर लागत नाही, दूध लागत नाही. फूदिंगमध्ये ताप आला, घसा धरला तर म्हातारी माणसं असा उकळलेला जुना चहाच देतात. तायमू डोंगरावरची एक बाई गोवर आलेल्या मुलांना या झाडाच्या पानांचा चहा पाजून बरी करत असे आणि पुढे ती त्या डोंगराची देवी झाली, अशी तिथली कथा आहे. गोवर बरा होतो की नाही यावर मी बोलणार नाही. पण माझ्या गोवरात आजी अंथरुणाखाली कडुनिंबाचा पाला घालून रात्रभर जागी होती, एवढं मला माहीत आहे, आणि ती कथा मला परकी वाटत नाही.

ती खोटी चकती अर्धी अजून माझ्याकडे आहे. टाकवत नाही. वर्षातून कधीतरी एखादा तुकडा भिजवते, तोच आंबट रेघेचा काळा चहा, आणि त्या वासाबरोबर साखरेच्या डब्याला टेकवलेला मोबाइल आणि बाबांचे जुळणारे ओठ येतात. तो चहा थांबला नव्हता. पण माझ्या कपाटात आल्यापासून तोही थांबलाच आहे की, इतकी वर्षं.

२०२४च्या एप्रिलमध्ये मी खोक्यातला पाव किलो चहा घेऊन पुण्याला गेले. साडेपाच वाजता आईच्या चहाच्या पातेल्यात, दुधाचा वास जावा म्हणून दोनदा विसळून, तो उकळत ठेवला. घरभर तो वास पसरला. आई आतून म्हणाली, "बोरं आणलीस का ग?" मी काही बोलले नाही. बाबांनी बशीत ओतून फुंकर घातली, प्यायले, आणि त्यांचं आता नेहमीचं झालेलं सावकाश, एकेक शब्द खाली ठेवत बोलणं सुरू झालं. "हा तोच का? दहा वर्षांचा?"

मी सांगून टाकलं. तो खोटा होता, मला फसवलं होतं, तुम्हाला पाच वर्षं सांगितलं नाही. सगळं एका दमात. बाबा ऐकत होते. मग त्यांनी रिकामी बशी पुढे केली, मी पुन्हा भरली.

"आणि हा?"

"हा २०१९चा. सत्तावीस एप्रिल. सकाळी वारा उत्तरेचा होता. दुपारी फिरला म्हणून आम्ही चाळण्या आत घेतल्या, मी पण दोन उचलल्या. तुम्ही त्या दिवशी 'पाऊस' म्हणाला होतात."

"मी?"

"हो."

ते बराच वेळ पुडीकडे पाहत राहिले. उरलेला चहा कागदावर तसाच उघडा होता, तपकिरी, शेवाळी, लालसर, मधूनच एखाद्या कळ्यावर पांढरी लव. आई कपबशा उचलायला आली, पुडी बांधायला तिने हात पुढे केला. बाबांनी मानेनेच नको म्हटलं. डाव्या हाताने त्यांनी कागद धरला आणि उजवा हात टेबलावरून ओढत पुढे आणला. एक कड दुमडली, ती सुटली. परत दुमडली, तळव्याने दाबली. मग दुसरी. बाहेर अंधार पडत आला होता, दिवा लावायला मी उठले नाही.